सुहासदादाचा मागचा दर

सुहासदादा गेल्याचा फोन रविवारी सकाळी आला आणि सोमवारी त्यानेच भरलेले कामाचे तास माझ्यासमोर मंजुरीसाठी आले. कंपन्यांना कंत्राटावर प्रोग्रॅमर पुरवणाऱ्या एजन्सीत मी काम करते. प्रोग्रॅमरने आठवड्याचे तास भरायचे, मी ते तपासून मंजूर करायचे, मग त्याचे पैसे निघणार, अशी पद्धत. दादा दर शनिवारी संध्याकाळी न चुकता तास भरायचा. ते त्याने भरले आणि दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता छातीत कळ येऊन गेला. पण त्या पानावर नाव होतं त्याच्या बायकोचं, वैशालीवहिनीचं. आदल्या संध्याकाळी गिरीजच्या स्मशानातून मी चंदनसारला घरी आले होते, सकाळी डोळे सुजलेले होते, तरी लॅपटॉप उघडून बसले. सुट्टी घेता आली असती... पण सुट्टी मागितली असती तर कोण गेलं ते सांगावं लागलं असतं. म्हणून नाही मागितली. बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले आणि मग मंजुरी देऊन टाकली.

दादा माझा मामेभाऊ. सख्खा भाऊ मला नाही, त्यामुळे राखी, भाऊबीज, भांडण सगळं त्याच्याशीच. मामाची वसईजवळ गिरीजला केळीची वाडी, मागे चार नारळ, पुढे पडवी. मे महिन्याची सुट्टी आम्ही तिथेच काढायचो. मामाचा एक हट्ट होता. बाजारातल्या दलालाने भाव पाडून मागितला की मामा राजेळी केळ्यांचे घड परत आणायचा आणि मामी ती उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करायची. बुटक्या लाकडी स्टुलावर बसून ती सालं काढायची, आम्ही पोरं उन्हातल्या केळ्यांवरचे कावळे हाकायचो. मामा म्हणायचा, एकदा पडत्या भावात माल दिला की दलाल पुढच्या खेपेला तिथूनच बोलायला सुरुवात करतो. दादा प्रोग्रॅमिंग शिकला, त्याने नोकरी केली, चाळिशीच्या आत ती सोडून फ्रीलान्स झाला, परदेशातल्या कंपन्यांची कामं पडवीवरच्या खोलीत बसून करू लागला, पण बापाचा हा धडा काही विसरला नाही. या धंद्यात तो धडा फार उपयोगी होता, हेही खरं. कारण कुठल्याही एजन्सीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मागचा दर किती होता? तुम्हाला काय येतं हे नंतर. मागच्या कामाला ताशी जे मिळालं त्याच्या आसपासच पुढचं मिळणार. दादाचा दर चांगला होता, दरवर्षी थोडा चढत होता, आणि त्याला त्याचा उघड अभिमान होता.

मी या लाइनमध्ये आले तीही त्याच्याच सांगण्यावरून. मला नोकरी लागली तेव्हा त्याने साऱ्या घराला पेढे वाटले आणि जाहीर केलं की तीन पिढ्या दलालाला शिव्या घातल्या, आता घरातच दलाल निघाला. तेव्हापासून मी त्याची ‘दलाल’. फोन उचलला की, ‘बोला दलाल, काय भाव काढला आज?’ मी चिडायचे आणि तो खूश व्हायचा.

मग मंदी आली. परदेशातल्या कंपन्यांनी हात आखडले, चालू कामं अर्ध्यात बंद झाली. आमच्याकडे बायोडेटांचा ढीग पडला आणि वरून सूचना आली की प्रत्येकाला निम्म्या दराने विचारा, हो म्हणेल तो आपला. लोक हो म्हणत होते. घराचे हप्ते, मुलांच्या फिया, काय करणार? दादा मात्र नाही म्हणाला. मीच विचारलं होतं त्याला, ऑफिसच्या फोनवरून, ऑफिसच्या आवाजात. तो म्हणाला, ‘या दराला एकदा माझं नाव लागलं की उतरलंच ते. आपण सुकेळी करू.’ मला राग आला. बाजार असा पडलेला आणि हा मामाच्या गोष्टी सांगतोय! तरी महिन्याभराने त्याचे फोन सुरू झाले. काही आलं का? कुठे जुन्या दराचं? मी आधी नीट बोलायचे, मग तुटक, मग मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगू लागले. खरं सांगायचं तर मला त्याची लाज वाटत होती. दुसऱ्यांच्या भावांना मी दिवसभर ‘नंतर कळवते’ म्हणत होते, त्यात माझाही भाऊ आहे, हे मला ऑफिसात कळू द्यायचं नव्हतं.

एकदा तो सरळ अंधेरीला आमच्या ऑफिसातच आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, एका हातात बायोडेटाची फाइल, दुसऱ्या हातात माझ्यासाठी कागदात बांधलेली सुकेळी. रिसेप्शनपाशी उभा राहून त्याने मला मोठ्याने ‘दलाल’ अशी हाक मारली. सगळे हसले. मॅनेजरने केबिनमधून डोकं काढून विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, ‘एक कँडिडेट आहे. वसईचा.’ दादाने ते ऐकलं. त्याने सुकेळी टेबलावर ठेवली, फाइल दिली आणि परक्या माणसासारखं ‘थँक यू मॅडम’ म्हणून निघून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस ऑफिसात ‘तुझा केळीवाला कँडिडेट’ अशी माझी चेष्टा व्हायची आणि मीही त्यात हसायचे. आज हे लिहिताना कान तापतात. पण त्या दिवशी मी एवढंच बघितलं की कुणाला काही कळलं नाही.

त्यानंतर दादाचे फोन थांबले आणि काही महिन्यांनी वैशालीवहिनीचा बायोडेटा आला. वहिनीने लग्नाआधी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, वसईत एका ऑफिसात थोडी वर्षं कामही केलं होतं, मग मुलं झाली आणि ते सुटलं. मला बरं वाटलं. दादासाठी काही केलं नाही, निदान वहिनीसाठी करू. इंग्लंडमधल्या गोदामांच्या एका कंपनीला माणूस हवा होता. मॅनेजर म्हणाला, इतकी वर्षं घरी बसलेली बाई आहे, मागचा दर काहीच नाही, तेव्हा आणखी खाली ये. मी खाली आले. मंदीतल्या निम्म्याच्याही खाली. वहिनी लगेच हो म्हणाली. मुलाखत व्हिडिओवर झाली, ती थांबून थांबून बोलली, उत्तर देण्याआधी दर वेळी खाली बघायची. तिकडच्या साहेबांना ते आवडलं, म्हणाले की विचार करून बोलणारी बाई आहे. स्वस्तात चांगलं माणूस मिळवलं म्हणून माझं कौतुक झालं.

त्या वर्षी गणपतीला गिरीजला गेले तेव्हा सगळं कळलं. दर्शन घेऊन मी वरच्या खोलीत डोकावले. टेबलावर लॅपटॉप, त्याच्यासमोर खुर्ची, आणि टेबलाच्या पलीकडे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी, मामीचं ते सुकेळीचं स्टूल. शेजारी पांढरा फळा, त्यावर दादाच्या मोठ्या अक्षरात उत्तरं. वहिनी खुर्चीवर बसून बोलायची आणि सहा फुटांचा हा माणूस गुडघे हनुवटीशी घेऊन त्या स्टुलावर बसून फळ्यावर लिहायचा. काम सगळं त्याचं. दादा मागून आला, मला बघितलं आणि हसला. ‘बस दलाल. बघ, माझं नाव नाही उतरलं.’ वहिनी प्रसाद घेऊन आली होती. ती घरच्या बोलीत काहीतरी म्हणाली, ते साध्या मराठीत असं: ‘माझ्या नावाला भाव होताच कुठे पडायला?’ ती हसतच म्हणाली होती. मीही हसले, मोदक घेतला आणि कुणाला काही न सांगण्याचं कबूल करून खाली आले.

इथवर मी स्वतःला समजावू शकते. पुढचं नाही समजावता येत. हळूहळू बाजार सावरला. ज्यांनी निम्म्यावर कामं घेतली होती तेही थोडेथोडे वर चढले. वहिनीच्या कंत्राटाचं नूतनीकरण माझ्याच हातून व्हायचं आणि क्लायंट कामावर इतका खूश होता की शब्द टाकला असता तर दर वाढला असता. पण दर वाढवायचा तर नवी मुलाखत, नवी चौकशी, आणि त्यात प्रकरण उघडकीला आलं असतं तर माझी नोकरी गेली असती. म्हणून दर वेळी जुन्याच दरावर सही घेतली. दादाने विचारलं की मी सांगायचे, अजून बाजार सावरला नाही रे. तो ‘बरं’ म्हणायचा. दुसरीकडे त्याने स्वतःच्या नावाने इतर एजन्सींना बायोडेटा पाठवायला सुरुवात केली होती. दर टिकला होता, पण आता तिकडून नवा प्रश्न यायचा: मधली वर्षं काय करत होतात? एकदा फोनवर तो मलाच म्हणाला, ‘काय सांगू दलाल, केळी सुकवत होतो म्हणून?’ आणि स्वतःच हसला. त्या हसण्यात पूर्वीची मजा राहिली नव्हती. मी विषय बदलून मुलांच्या परीक्षांचं विचारलं.

तेराव्याला पंगत उठल्यावर वहिनीने मला वर बोलावलं. म्हणाली, महिनाअखेर कंत्राट संपतंय, उद्या संध्याकाळी इंग्लंडच्या साहेबांचा व्हिडिओ कॉल आहे, तू ये. मला वाटलं, काम कसं सोडायचं ते विचारत असेल. मी तिची समजूत काढायला लागले, बाजाराचं जुनंच रडगाणं सुरू केलं. तिने मला थांबवलं. ‘बाजार सावरलाय ते ह्यांना ठाऊक होतं, नीता. मीच म्हणत होते की तुला विचारा. तर म्हणायचे, तिची नोकरी आहे, तिला अडचणीत नको आणायला.’ एवढं सांगून ती ताटं आवरायला खाली गेली. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं... मी त्या खोलीत एकटीच उभी राहिले आणि पहिल्यांदा मोकळेपणी रडले. रडताना दुःख किती होतं आणि लाज किती, ते आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेले. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्या स्टुलावर बसले. फळा कोरा होता. मी वहिनीला हळूच विचारलं, काही लिहायचं आहे का? तिने नकारार्थी मान हलवली. मग साहेब पडद्यावर आला आणि वहिनी बोलू लागली. गोदामाच्या हिशेबातली कुठलीशी अडचण तिने त्याला उलगडून सांगितली, त्याने मध्ये प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली, आणि एकदाही खाली बघितलं नाही. फळ्यावरचं वाचता वाचता ती ‘असं का?’ म्हणून विचारायची, दादा समजावायचा, आणि गेल्या वर्षापासून तर ती काम करायची आणि तो नुसता तपासायचा, हे तिने मला नंतर सांगितलं. बोलणं संपत आलं तसं तिने लॅपटॉप थोडा जवळ ओढला. तिच्या साध्या इंग्रजीत तिने सांगितलं की तुमचं काम पहिल्यापासून माझ्या नवऱ्याने केलं, मी त्याच्याकडून शिकले, तो दोन आठवड्यांपूर्वी गेला, यापुढचं काम माझं एकटीचं असेल, तुम्हाला चालत असेल तर ठेवा. मग साहेबाने त्याचं नाव विचारलं. वहिनीने पूर्ण नाव सांगितलं, सुहास गजानन नाईक, आणि मगच तिचा आवाज फुटला. साहेब म्हणाला, वाईट वाटलं, लपवायला नको होतं, पण काम चोख होतं. पुढचं एजन्सीशी बोलून ठरवू.

लॅपटॉप मिटल्यावर मी वहिनीला विचारलं, कशाला सांगितलंस? न सांगता चाललं असतं. ती म्हणाली, ‘त्यांचं नाव कुठे तरी यायला हवं ना गं. काम एवढं केलं.’ मग डोळे पुसून म्हणाली, ‘आता तू बोल तुझ्या साहेबाशी. दर नवा लाव.’ मी विचारलं, किती? ती म्हणाली, ‘त्यांचा. त्यांनी जपून ठेवलाय तो.’

मी तिथूनच मॅनेजरला फोन लावला. गुडघे हनुवटीशी आले होते, पाठ दुखत होती, आणि दादा एवढी वर्षं असा कसा बसला असेल याचाच विचार मनात होता. झालेलं सगळं मी सांगून टाकलं. तो भडकला, माझ्या नोकरीचं काय करायचं ते सोमवारी बघतो म्हणाला, पण क्लायंट जाऊ नये हीही काळजी होतीच. शेवटी सवयीने त्याने विचारलं, मागचा दर किती होता? मी दादाचा दर सांगितला. पलीकडे तो कॉम्प्युटरवर काही शोधत असल्याचा आवाज आला. म्हणाला, इथे तर निम्म्याहूनही कमी दिसतोय, तू सांगतेस तो दर कुणाचा?

‘माझ्या भावाचा,’ मी म्हटलं. ‘तो नाही का, केळीवाला.’