बाहेरच्या बाकावरचे रझाक उस्ताद

आमच्या वीज-कंत्राटदार संघानं रझाक उस्तादांना फसवलं. त्यांना जाऊन महिना होत आला. संघाच्या अंकासाठी त्यांच्याविषयी चार गोड शब्द लिहा, असं मला सांगितलं होतं... ते मला जमणार नाही.

वायरिंग मी त्यांच्याकडंच शिकलो. तेरखेड्यात फटाक्यांच्या कारखान्याचं काम मी घासाघीस करून मिळवलं, तेव्हा उस्तादांनी आल्या आल्या मालकाला सांगितलं, "आत एक बी बटन न्हाय बसणार. समदी भिंतीच्या भायेर." मालक चिडला, "मग पावसात भिजत दिवा लावू का?" उस्ताद म्हणाले, "भिजा की शेठ. भिजला तर वाळाल. जळला तर?" काम हातचं जाईल या भीतीनं मी चारचौघांत त्यांच्यावर ओरडलो. ते नुसते हसले. बटणं बाहेरच बसली.

संघही त्यांनीच उभा केला. एकमेकांचे दर पाडून आम्ही सगळेच मरत होतो. उस्ताद सायकलवरून आमच्या जिल्ह्यातली वाशी, लोहारा फिरले, एकेकाला समजावलं. एका हॉटेलच्या मागच्या खोलीत आम्ही सात जण जमलो. आज तालुक्यातालुक्यात सभासद आहेत, दारावर पाटी आहे.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादची जुनी प्रमाणपत्रं देऊन नवं लायसन घ्यायचं ठरलं. संघानं सगळ्यांचे अर्ज गोळा करून तेव्हाच्या चिटणिसांच्या हाती दिले. सगळ्यांची लायसनं आली, उस्तादांचं आलं नाही. विचारलं की चिटणीस म्हणत, "कचेरीत अडकलंय." मग संघानं नियम केला, लायसन नसेल तो सभासद नाही. हात मीही वर केला. त्यानंतर बैठक असली की उस्ताद व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे. आम्ही आत बोलत असू आणि बाहेरून त्यांचा खोकला ऐकू यायचा...

"उस्ताद, कचेरीत जाऊन भांडा की," मी एकदा म्हणालो.

"काय भांडू गणपत? माझ्याच कागदात काय तरी कमी असंल."

आणि उर्दूमुळंच अडलं असेल असं समजून पन्नाशीचा तो माणूस मुलीच्या पाटीवर मराठी अक्षरं गिरवायला बसला. मी जास्त ताणलं नाही. काम त्यांचं, कागदावर सही माझी. असा कारागीर माझ्याकडं राहणं मला सोयीचं होतं. हे मी लपवत नाही.

आता कामावर माझ्याशी वाद घालणारं कुणी उरलं नाही. मी ओरडतो, माणसं मान खाली घालतात. चुकलो तरी कुणी सांगत नाही...

गेल्या आठवड्यात संघाची जागा बदलली. कपाट रिकामं करताना उस्तादांचा अर्ज सापडला, उर्दू प्रमाणपत्रासकट. तो कचेरीत गेलाच नव्हता. वाशीचं एक मोठं काम तेव्हा त्यांना मिळायचं होतं. ते पुढं चिटणिसांनी केलं, हे मला पक्कं आठवतं.

अर्ज घेऊन मी उस्तादांच्या बायकोकडं, भाभींकडं गेलो. त्यांनी तो हातात धरला आणि विचारलं, "म्हंजे यांची चूक नव्हती?"

तेव्हाचे चिटणीस आज संघाचे अध्यक्ष आहेत. अध्यक्षसाहेब, शोकसभेत तुम्ही उस्तादांना 'आपला माणूस' म्हणालात. आता त्यांच्या घरी चला. भाभींसमोर बसा आणि तो अर्ज कपाटात का ठेवला, ते सांगा. मी दारात उभा राहीन. उत्तर दिल्याशिवाय तुम्हाला उठू देणार नाही.