विमानाची डिक्की

रायपूरच्या पंडरी बाजारातल्या कापडवाल्याने मला तीनदा विचारलं, "दीदी, ब्लाउज कितने बनेंगे?" मी तीनदा सांगितलं, ब्लाउज नाही, विमान. चौथ्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा असा उभा, जणू ही बाई कोणाची कोण. शेवटी अस्तराचं सगळ्यात पातळ कापड मिळालं, पण अख्खा तागा उचलावा लागला. ठोकचा बाजार, मीटरवर द्यायला त्याला वेळ नव्हता. माझ्या विमानाच्या पंखांना लागतं दीड मीटर. उरलेल्या कापडाच्या सासूबाईंनी उशांना खोळी शिवल्या, मिक्सरला शिवली, टीव्हीला शिवली, आणि येईल त्याला कारण सांगत बसल्या.

त्रेपन्नाव्या वर्षी हे खूळ डोक्यात शिरलं ते ऑफिसच्या बसमध्ये. राज्य नवं झालं, मग राजधानीही नवी पाहिजे म्हणून आमचं ऑफिस शहराबाहेर माळावर नेऊन ठेवलं. रोज तासभर जायचं, तासभर यायचं. तिथे रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि ओळखायला माणूसही नाही. एखादी म्हैस दुभाजकावर बसलेली असते, तेवढीच वस्ती. सेक्टरच्या पाट्या, त्यांच्यामागे गवत, आणि वर आभाळच आभाळ. एक दिवस खिडकीतून पाहता पाहता मनात आलं, अरे देवा, एवढी मोकळी जागा अन् इथे कोणी विमान उडवून नाही राहिलं!

हे मनात यायला कारण होतं. मी कॉलेजात होते तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होतं आणि मी हवाई तुकडीची कॅडेट होते. तिथे छोटी विमानं बांधायला शिकवत. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या कापायच्या, घासायच्या, चिकटवायच्या, वरून पातळ कापड ताणायचं. माझा हात चांगला होता. सगळ्यात सरळ पंख माझ्या विमानाचे, हे सगळे मान्य करत. पण उडवायची वेळ आली की जमिनीवरून विमान चालवायचा कंट्रोलचा डबा पोट्ट्यांच्या हातात. आमचे सर नागपूरकडचे, वाईट माणूस नव्हता. मी हात पुढे केला की म्हणायचे, "पोरी, पडेल ते. तू बनवतेस छान, बनव." माझं विमान ज्या पोट्ट्याला दिलं त्याने पहिल्याच मिनिटात कडुलिंबात घातलं. त्याला कोणी काही बोललं नाही. मला सांगितलं, पंख पुन्हा चिकटव. आणि मी चिकटवला! आजही त्याचा राग येतो, त्या पोट्ट्याचा कमी, माझा जास्त.

पुढे लग्न, नोकरी, दोन लेकरं, लेकरांची लग्नं. आता मला आयुष्यात फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, मी बांधलेलं विमान मला उडवायचं होतं. माझ्या हाताने.

मोटर, बॅटरी आणि कंट्रोलचा डबा पार्सलने आला. चाकांच्या पायांसाठी गोल बाजारातून सायकलच्या तारा आणल्या. बाकी सगळं जेवणाच्या टेबलावर, तीन महिने. त्या तीन महिन्यांत नवऱ्याने मला काय काय नाही ऐकवलं. वरणात भुसा आला, गोंदाच्या वासाने डोकं दुखलं, आणि "तुझं ते खेळणं" हा शब्द तर दिवसातून दहा वेळा. खेळणं म्हणे! स्वतः दर रविवारी स्कूटर पुसण्यात दोन तास घालवतात, ते काय तप आहे? शेवटी मी म्हटलं, "अहो, जमिनीवर बसून जेवा. पचतंही बरं." त्या दिवसापासून ते खरंच चटई टाकून जेवायला लागले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे, दारासमोर.

सासूबाईंची तऱ्हा वेगळी. त्या मूळच्या वर्ध्याकडच्या, वय एकोणऐंशी, आणि घरात कोणतीही गाडी आली की तिचा ताबा आधी त्यांच्याकडे. हळदीकुंकू, नारळ, पुढे लिंबू-मिरची. विमान पूर्ण होताना पाहून त्यांचं लिंबू तयारच होतं. मी निक्षून सांगितलं, "आई, विमानाला काहीही लटकवायचं नाही. एक मिरचीसुद्धा नाही."

"काहून व? नजर नाही लागत का त्याले?"

"नजर नाही, वजन लागतं त्याला."

मग मी त्यांना समजावूनही सांगितलं. पंखांखाली दोन बोटं ठेवून विमान उचलायचं. ते सरळ राहिलं किंवा नाक जरासं खाली झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेलं तर विमान पडलंच समजा. शनिवारी संध्याकाळी त्यांच्यासमोर बोटांवर तोलून दाखवलं. सुतात होतं. त्या म्हणाल्या, "हव, समजलं." मला वाटलं, समजलं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं नव्या राजधानीच्या एका रिकाम्या रस्त्यावर पोचलो. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची, थर्मासमध्ये चहा. उडवण्याआधी पुन्हा एकदा तोल पाहायचा असतो, हे मला चांगलं माहीत होतं. पण नवऱ्याने "ऊन चढून राहिलं, आटप" असा धोशा लावला आणि मी नाही पाहिला. ही माझी चूक, ती मी कबूल करते.

विमान रस्त्यावरून धावलं, चाकं उचलली, आणि त्याने सरळ नाक आभाळाकडे केलं. मी डब्यावरची दांडी पुढे दाबली तरी ते ऐकेना. वर जाऊन थबकलं, कोसळलं, सावरलं, पुन्हा नाक वर. आणि माझ्या कानाशी नवरा, "दे! दे इकडे! पडेल ते!" ज्या माणसाने जन्मात एक पतंग कापला नाही, तो माणूस! त्याचा हात डब्यावर आला. मी कोपराने ढकलला, चांगला जोरात. तेवढ्यात विमान गवतात गेलं. काड असा आवाज आला.

डावा पंख मोडला होता, पोटाचा सांधा उकलला होता. गवतात गुडघे टेकून मी तुकडे गोळा केले आणि शेपटाकडचा भाग उचलला तर आत काहीतरी खुळखुळलं. खालच्या फटीत बोट घातलं. लाल कापडाची पुरचुंडी निघाली. आत सुपारी, हळकुंड, चार अक्षता आणि एक जाडजूड नाणं.

मी ती सासूबाईंसमोर धरली.

"लिंबू नाही लावलं मी," त्या लगेच म्हणाल्या. "तू नाही म्हटलं, म्हणून नाही लावलं. हे तर आत आहे. तू आंघोळीले गेली तवा ठेवलं."

"पण शेपटात काहून?"

"डिक्की मागंच राहते ना?"

आमच्या स्कूटरच्या डिक्कीत अशी पुरचुंडी आहे, मुलाच्या कारच्या डिक्कीत आहे. म्हणून विमानाच्याही डिक्कीत. मी तिथे रस्त्यावर बसून रडले. रागाने रडले. पस्तीस वर्षांनी हातात आलं, आणि किती वेळ? वीस सेकंद. घरी येऊन सासूबाईंशी चार दिवस बोलले नाही. नवऱ्याला वाटलं आपण सुटलो, तर त्याच्याशी सहा दिवस.

पाचव्या दिवशी पुन्हा टेबल अडवलं. पंख जोडला, पोट जोडलं, वरून पट्ट्या लावल्या. पण दुरुस्तीचं लाकूड आणि गोंद सगळं मागच्या बाजूला चढलं, आणि बोटांवर धरलं की शेपूट खाली. नाकात वजन टाकायला हवं होतं. मी डब्यांत खिळे, वॉशर शोधत होते. सासूबाई इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. त्यांनी कनवटीतून ती पुरचुंडी काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली.

"हे पाह्य, चालते का."

मी नाइलाजाने नाकात बॅटरीशेजारी दाबून बसवली. बोटांवर उचललं. विमान सरळ. इतकं सरळ की मला आणखीच चीड आली. काढून फेकावी तर दुसरं वजन सापडत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर काढवेनाही.

पुढच्या रविवारी तोल मी त्याच रस्त्यावर दोनदा पाहिला. नवऱ्याने "ऊन" म्हणायला तोंड उघडलं आणि मी नुसतं पाहिलं, तर त्याने दोन्ही हात खिशात घातले. विमान धावलं, उठलं, आणि गेलं. वळवलं तिकडे वळलं. सेक्टरच्या पाटीवरून गेलं, म्हशीवरून गेलं, तिने मानही वर केली नाही. मी तोंडाने काहीतरी ओरडत होते, काय ते आठवत नाही. मला फार आनंद झाला होता, इतकंच आठवतं. त्या कडुलिंबाची, त्या पोट्ट्याची आठवणही आली नाही. विमान वर नेऊन संथ केलं. आता ते मोठे गोल घेत आपलं आपण फिरत होतं.

खुर्चीचा आवाज आला. सासूबाई उठून माझ्याजवळ आल्या होत्या, पदर खोचलेला.

"मले दे व जरा."

"आई, पडेल ते."

तोंडातून निघून गेलं. माझ्याच तोंडातून, त्याच शब्दांत. कान तापले माझे. नवरा माझ्याकडे पाहत होता, हात अजून खिशातच.

"मग पडू दे," सासूबाई म्हणाल्या. "तुह्यं नाही पडलं का?"

मी गळ्यातला पट्टा काढला, त्यांच्या गळ्यात घातला. त्यांचा अंगठा दांडीवर ठेवला, म्हटलं, हळू, एकदम हळू. विमान डावीकडे कललं. माझे दोन्ही हात आपोआप पुढे गेले, आणि मी ते पाठीमागे घट्ट धरून ठेवले.