नावाड्याचा चेहरा

तापानी लोउहेला हा माणूस तोंड उघडायचा ते कॉफी प्यायला. आमच्या कायानी गावात कमी बोलणं हा दोष मानत नाहीत, पण यानं त्यातही कहर केला होता. दिवसा डेपोत बसगाड्या धुवायच्या आणि घरी येऊन संगणकावर एकेक चौकोनी ठिपका मांडत चेहरे काढायचे, हे त्याचं आयुष्य.

गावातली चार-पाच हौशी मंडळी मिळून एक गेम करत होती. तळ्याकाठच्या वस्तीची गोष्ट. त्यातल्या माणसांचे चेहरे तापानीकडे होते. नावाड्याची पाळी आली तेव्हा त्यानं कुणाला न सांगता ओस्मोला काढलं. ओस्मो म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, आदल्या हिवाळ्यात आजारानं गेलेला. हॉकी खेळताना मोडलेलं नाक, अर्धवट मिटलेली डावी पापणी आणि ओठांच्या कोपऱ्यात खट्याळ हसू. नखाएवढ्या चित्रात भाऊ जसाच्या तसा उतरला, आणि तापानी पडद्यासमोर बसून रडला. कुणी ना कुणी हा गेम खेळेल तोवर ओस्मो नाव वल्हवत राहील, एवढंच त्याला हवं होतं.

दर गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मंडळी जमायची. कॉफी, वेलदोड्याचे गोड पाव आणि एक कडक नियम: ज्याचं चित्र, त्यानं गप्प बसायचं. समजावून सांगावं लागलं तर ते चित्र कच्चं.

"डावा डोळा चुकलाय," मारित म्हणाली. तिची नजर सगळ्यांत पक्की आणि जीभ सगळ्यांत सैल. "झोपेत वल्हवतोय की काय हा?"

"झोपेत कसला, टाकून आलाय!" योउनी म्हणाला. "याच्या नावेत मी सासूलासुद्धा बसवणार नाही. आणि सासूबाई मला किती प्रिय आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे."

सगळे हसले. मारितनं चित्राची प्रत घेऊन तिथल्या तिथे पापणीचे ठिपके वर सरकवले, नाकाजवळची सावली पुसली. "बघ, आता कसा माणसात आला."

अरे, तो असाच होता, हे तापानीच्या अगदी ओठांवर आलं होतं. चर्चा संपल्यावर बोलायची मुभा होती, पण तेव्हाही हा पाव चघळत बसला. मला अजून त्याचा राग येतो.

त्यानं पापणी सरळ केली. पुढे नाक, मग ओठ. मंडळींचं म्हणणं दर वेळी बरोबरच असायचं, हीच तर पंचाईत. चित्र खरोखर सुधारत गेलं. शेवटी मारितसुद्धा म्हणाली, "आता हात लावू नकोस."

गेम लोकांसाठी खुला झाला, तेव्हा तापानी तो आईला दाखवायला घेऊन गेला. हेल्वीबाईंची नजर अजून तेज होती, चष्म्याशिवाय मोजे विणायच्या. त्यांनी नावाड्याकडे नीट पाहिलं. तापानी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"देखणा काढलायस रे. कोण हा?"

"नावाडी आहे."

मग म्हणाल्या, "तापानी, आपल्या ओस्मोलाही घे ना यात कुठेतरी. त्याचं ते वाकडं नाक, ती झोपाळू पापणी... तुला अगदी हुबेहूब जमेल."

"घेतो, आई," तापानी म्हणाला.