तीन बोटांचं जाळं

"नवरा-बायकोची गाठ एक वेळ सुटेल, हिची सुटायची नाही," असं तळ्याकाठचे होडीवाले म्हणायचे, म्हणून म्हातारीचं नावच गाठीवाली पडलं. काठावरच्या झाडून सगळ्या होड्यांची जाळी तिच्याच हातची. अन् हट्ट असा, की जाळ्याचं भोक तीन बोटांपेक्षा लहान ठेवणार नाही. तीन बोटांतून निसटतं ते पिल्लू. त्याला एकदा अंडी घालू द्या, मग खुशाल खा. कुणी कुरकुर केली की फाडकन म्हणायची, "मग चाळणी घेऊन उतर तळ्यात!"

बरीच वर्षं तिचं चाललं. पण गाव वाढत गेलं. पलीकडच्या काठावर कारखाने आले, त्यांच्यामागे माणसं आली, अन् प्रत्येकाला जेवायला मासा हवा. बाजारात उजाडायच्या आत रांग. पूर्वी एक होडी आणायची तेवढे मासे आता चार होड्या मिळून आणीनात. दोष तरी कुणाला द्यायचा? खाणाऱ्याला? भूक लागणं हा काय गुन्हा आहे?

घरातही तीच तऱ्हा. लेकाला तीन पोरं, चौथं वाटेवर. त्यात कारखान्यातलं काम सुटलं म्हणून सुनेचे आईबाप बोचकी घेऊन दारात. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. इथे घोड्याची गरजच पडली नाही, व्याही स्वतःच आले. माणसं मात्र गुणी. "मला हल्ली भूकच नसते," म्हणत व्याही ताटावरून अर्धपोटी उठायचे. सून पातेलं खरवडून पोरांना वाढायची अन् स्वतः पाणी पिऊन झोपायची. तेही पोटुशी असताना!

एका संध्याकाळी लेक म्हणाला, "आई, यंदा दोन बोटांचं विण. फक्त आपल्यापुरतं. एकच हंगाम."

"तुझ्या बापानं हे ऐकलं असतं ना, तर होडीतून ढकलून दिलं असतं तुला."

"बाबांच्या वेळी घरात ताटं किती होती? आज किती आहेत?"

"अरे, एका जाळ्यानं तळं रिकामं होत नाही, मलाही कळतं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही रे, पण काळ सोकावतो."

"काळाचं काळ बघेल. तू सुनेकडे बघ."

तिनं बघितलं, अन् तिथेच हरली.

विणताना ती भिंतीकडे तोंड करून बसायची. कुणी बोललं की खेकसायची. हात ऐकेनात; सवयीनं तीन बोटांचंच भोक पडायचं. उभ्या जन्मात पहिल्यांदा गाठीवालीनं स्वतःच्या गाठी स्वतः कापल्या.

पहिल्याच खेपेला होडी काठोकाठ भरून आली. बोटाएवढाले मासे, पण किती! व्याह्यांनी लाजत लाजत दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सून जेवता जेवता रडली. खोटं कशाला बोला, म्हातारीलाही बरं वाटलं. तीही पोटभर जेवली.

पण जाळं वाळत घालावं लागतं, अन् ते काही घरात वाळत नाही. काठावर पसरलेल्या जाळ्याची भोकं आंधळ्यालाही दिसतील. दुसऱ्याच दिवशी शेजारचा होडीवाला दारात उभा.

"काकू, तुमच्या पोरांना मासे, अन् माझी पोरं काय हवा खातात?"

कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? त्याला दिलं, मग त्याच्या भावाला, मग त्याच्या साडूला. हंगाम संपायच्या आत सगळा काठ दोन बोटांचा झाला. बाजारातली रांग हसू लागली. दोन हंगाम गावानं पोटभर खाल्लं.

तिसऱ्या हंगामात होड्या दुपारच्या आतच परतू लागल्या. भरायलाच काही नसेल, तर थांबून करायचं काय? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? तोवर सुनेची चौथी, चांगली गुटगुटीत पोर, घरभर दुडदुडू लागली होती. त्या पिल्लांवरच ती पोसली होती, हेही खरंच.

एक दिवस लेक आला, जाळं कोपऱ्यात टाकलं अन् त्याच्याशेजारीच बसला. मग मान वर न करता म्हणाला, "आई, एका बोटाचं विणता येईल?"

म्हातारीनं शिव्या द्यायला तोंड उघडलं. आत नात जेवायला मागत होती. आधी लाडात, मग रडून, मग नुसतीच हुंदके देत. सून तिला "झोप बाई, झोप" म्हणत थोपटत होती. अजून दिवससुद्धा मावळला नव्हता.

"येईल," म्हातारी म्हणाली. "पण गाठी फार लागतील. दोरा जास्तीचा आण."