भंगारातलं कुंकू

भंगार गोळा करणाऱ्या सुमनबाईंनी आमचा जुना कॉम्प्युटर खिडकीखालीच फोडायला घेतला. खंडेनवमीला मी लावलेलं हळदकुंकू त्यावर अजून तसंच होतं. त्यांनी ते पाहिलं, हात जोडले आणि मगच हातोडा घातला. घराबाहेर काढताना मला काही नमस्कार सुचला नव्हता. ज्या यंत्रानं इतकी वर्षं माझं घर चालवलं, त्याच्याच पोटातलं तांबं आता त्यांचं घर चालवणार होतं.

त्यांनी वायरी पेटवल्या. काळा धूर उठला, त्या खोकू लागल्या.

“अहो, जाळू नका! विषारी असतो तो धूर!” मी वरून ओरडले.

“ठाऊक हाय ताई,” नाकाला पदर लावत त्या म्हणाल्या. “जाळल्याबिगर तांबं सुटत न्हाई. तुम्ही खिडकी लावून घ्या.”

माझा हात आधीच कडीवर होता.