आजारी आहे, लवकर या

नाव विठ्ठल आणि काम चर्चच्या पाळकाचं, यावर नवागामच्या चाळीनं एकदा पोटभर हसून घेतलं आणि मग सगळेच त्याला पाळकबाबा म्हणू लागले. त्याच्या चर्चची मंडळी लूमवर राबणारी, हातावर पोट असलेली. त्यांच्या दानावर पाळक कसला जगतोय! म्हणून आठवडाभर तो सुरतच्या कापड बाजारात साड्यांच्या घड्या घालायचा आणि रविवारी भाड्याच्या खोलीत उपासना चालवायचा. बायको कुसुम जालन्याला एका दवाखान्यात नर्स होती. ती निवृत्त होईपर्यंत तिनं मुलीला घेऊन तिथं राहायचं, यानं इथं, असं दोघांनी ठरवलं होतं. ठरवताना ते सोपं वाटलं होतं. ती येणार म्हणून त्यानं दोन माणसांना पुरेल अशी खोली घेतली, आणि त्या खोलीत तो फारच एकटा दिसायचा.

या एकटेपणावर त्याच्याकडे एकच उतारा होता, तो म्हणजे ग्रीक. तरुणपणी पाळकाचं शिक्षण घेताना एका म्हाताऱ्या गुरुजींनी बायबलातल्या नव्या कराराची ग्रीक शिकवली आणि ती जी अंगाला चिकटली, ती चिकटलीच. पण नवागामात ग्रीक हवी कुणाला? शेवटी मंडळीतला गोपाल, लूम दुरुस्त करणारा, बुधवारी संध्याकाळी येऊन बसू लागला. शेजारचा धुडकू उंबऱ्यावर विडी ओढत फुकटात ऐकायचा.

"कुणी काय केलं ते ग्रीकमध्ये शब्दाचं शेपूट सांगतं," विठ्ठल म्हणायचा. "त्यामुळे शब्द इकडचे तिकडे केले तरी अर्थ जागचा हलत नाही. मग लिहिणारा एखादा शब्द मुद्दाम उचलून पुढं का आणतो?"

"जोर द्यायला," गोपाल म्हणाला.

"अर्धंच बरोबर. आता बघ. पाणी काय झालं, असं कुणी विचारलं तर तू म्हणशील, 'पाणी धुडकूनं भरलं.' पाणी पुढं आहे, पण वजन धुडकूवर. पाण्याची गोष्ट आधीच चालू होती, म्हणून ते आधी आलं. आणि 'मी भरलं' असं कुणी म्हणालं तर? 'धुडकूनं भरलं पाणी, तुम्ही नाही!' आता वजन पहिल्याच शब्दावर. ग्रीकमध्ये पहिली जागा अशी दोघांची असते. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ते कधी तिथं येतं, तर कधी जे ठासून सांगायचंय ते. नुसता शब्द बघून हे कळत नाही. मागचं-पुढचं वाचावंच लागतं."

"पन पाळकबाबा," धुडकू उंबऱ्यावरून म्हणाला, "दोन्हीमा पानी मीच भरं ना!"

तिघंही हसले. त्या खोलीत हसू ऐकू यायचं ते एवढंच.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात, एका दुपारी, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथचा किसन आला आणि दारातच थांबला. खाली बघत म्हणाला, "जालन्याहून फोन होता, तुमच्या मुलीचा. आई आजारी आहे, लवकर या, म्हणाली."

या निरोपाचा अर्थ नवागामात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. दूरच्या माणसाला मरणाची बातमी तोंडावर सांगायची नाही, वाटेतच त्याचं काही बरंवाईट व्हायचं, म्हणून आजारी म्हणायचं, ही इथली रीत. तीन वर्षांमागं सुरतेत प्लेग आला तेव्हा खुद्द विठ्ठलनं याच बूथवरून कितीतरी गावांना असे निरोप दिले होते, आणि आजारी म्हटलेला एकही माणूस तेव्हा जिवंत नव्हता.

परत फोन लावावा असं एकदा त्याच्या मनात आलं. पण पोरीच्या तोंडून 'आई गेली' असं वदवायचं? त्याचं मन धजेना.

शेजारच्या सुंदरानं पेटलेली चूल विझवली. माणसं येऊन मुकाट्यानं बसली. विठ्ठल पिशवी भरू लागला तशी धुडकूनं ती त्याच्या हातातून काढून घेतली. "तुमले एकटं कसं धाडूत? मनी पाळी सरू द्या, मी येस संगे." अशा वेळी माणसाला एकटं सोडत नाहीत, हीसुद्धा रीतच. आणि आता घाई तरी कसली होती? धुडकूची लूमवरची पाळी संपेपर्यंत भुसावळची गाडी निघून गेली. दोघं दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले, जळगावला उतरून बसमध्ये बसले आणि दिवेलागणीला जालन्याला पोचले.

मनीषा दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. बापाला बघून ती उठलीसुद्धा नाही.

"दुपारी गेली," ती म्हणाली. "तोवर शुद्धीवर होती. दार वाजलं की विचारायची, आले का? बाबा, मी आजारीच म्हणाले होते ना हो! ती आजारीच होती."

जालन्यातच वाढलेल्या पोरीला सुरतेच्या चाळीची रीत काय माहीत? मागचं-पुढचं वाचावंच लागतं असं दर बुधवारी सांगणाऱ्या माणसाला साधा एक फोन लावता आला नव्हता. मागं उभा असलेला धुडकू पिशवी छातीशी धरून लहान मुलासारखा रडू लागला. चाळीनं केलं ते सगळं मायेपोटीच केलं होतं. दोष द्यायचा तरी कुणाला?

सुरतेला परत आल्यावर त्यानं ग्रीक बंद केली. गोपाल दोन-तीनदा येऊन गेला, मग यायचा थांबला. धुडकू नजर चुकवून आपल्या घरात शिरू लागला. घड्या घालायच्या, भात शिजवायचा, रविवारी बोलायचं आणि उरलेला वेळ भिंतीकडे बघत काढायचा, असे विठ्ठलचे दिवस जाऊ लागले.

पावसाळ्याच्या तोंडावर किसन पुन्हा चाळीत आला. पुन्हा तीच खाली घातलेली मान. "धुडकूची माय आजारी आहे, लवकर ये, म्हणतात." सुंदरा चूल विझवायला वाकली. धुडकू कामावर होता. त्याला हळूहळू कसं सांगायचं, याचा विचार सुरू झाला.

विठ्ठल तडक बूथवर गेला. धुडकूच्या गावातल्या दुकानाचा नंबर लावला आणि राम राम न घालताच विचारलं, "म्हातारी जिवंत आहे का?" जित्या बाईबद्दल हे काय विचारणं, म्हणून पलीकडचा माणूस चिडला. ते ऐकून विठ्ठलला इतकं बरं वाटलं, की फोन ठेवायचंही त्याला सुचेना. तसाच तो लूमखात्यापर्यंत पळत गेला आणि यंत्रांच्या खडखडाटात गळा फाटेस्तोवर ओरडला, "जिवंत आहे! तुझी माय जिवंत आहे, धुडकू! आत्ता नीघ!"

"एकटाच?"

"एकटाच. कुणासाठी थांबू नको."

धुडकू अंगावरच्या कपड्यांनिशी स्टेशनकडे धावला.

तो परतला तो डोकं भादरून. आधी स्वतःच्या घरी न जाता विठ्ठलच्या उंबऱ्यावर येऊन बसला. बऱ्याच दिवसांनी बसला होता. "मायनी माले वळखं, पाळकबाबा. मना हात धरा नि म्हने, उना का रे भाऊ?"

"आलास का, असं म्हणाली? बरं झालं," विठ्ठल म्हणाला. "फार बरं झालं."

धुडकू घरी गेल्यावर विठ्ठलनं दार लोटलं. कुसुमचा फोटो भिंतीवर होता. त्याच्यासमोर उभा राहून तो मोठ्यानं म्हणाला, "आलो गं."