टीव्हीतल्या म्हातारीचा ठराव

माझी बायको गेली त्याच्या आदल्या सांजेला आम्ही दोघांनी मिळून म्हशीसाठी ऊस तोडला. मी लाकडाच्या ठोकळ्यावर कोयत्यानं कांडकी करत होतो, ती गोळा करून म्हशीपुढं टाकत होती. जल्मभर कारखान्याच्या फडात हेच केलं. मी तोडायचं आन तिनं मोळी बांधायची. तिकडं नवराबायकोला मिळून एकच धरतात, एक कोयता म्हणतात. त्या सांजेला मात्र आमचं बोलणं नव्हतं. दुपारी सभेत मी तिला चारचौघांत गप बसवलं होतं.

कांडकी उचलता उचलता ती म्हणाली, "एक वळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं त्यांचं?"

मी म्हणालो, "तुजं डोकं फिरलंय. हात चालव."

तिनं हात चालवला. तेवढंच आमचं शेवटचं बोलणं.

ही गोष्ट छावणीतली. केजच्या अलीकडं माळावर दूध सोसायटीनं दुष्काळात जनावरांची छावणी उघडली होती. गावात विहिरी आटलेल्या, कडबा संपलेला, म्हणून जनावरांबरोबर माणसंही तिथंच राहायला आलती. रांगेनं म्हसरं बांधलेली आन त्यांच्या बगलेला आमची बाजली. चारा म्हणून ऊस मिळायचा, पाणी टँकरनं यायचं. डोक्यावर सावली मात्र ज्याची त्यानं करायची. माझ्या बायकोनं पोती उसवली, दाभणानं एकाला एक शिवली आन आमच्यावर सावली केली. ती बघून शेजारच्यानं मागितली, मग त्याच्या शेजारच्यानं. असं करत निम्म्या छावणीवर तिची शिवण होती.

मग चेअरमननं टीव्ही आणला. टँकर मागितला की तो उद्या यायचा. टीव्ही कुणी मागितला नव्हता, तो आला. सोसायटीच्या पत्र्याच्या शेडात टेबलावर ठेवला, वर हार घातला, आन रोज सात वाजता सगळी छावणी त्याच्यापुढं मांडी घालून बसायला लागली.

सातला एक मालिका लागायची. तिच्यात एक गडी होता. दिवसा कुठल्या हापिसात फायली उचलायचा आन कुणावर संकट आलं की निळा चमकता डगला घालून उडायचा. मोटारी उचलायचा, पूल धरून ठेवायचा, गोळी लागली तर ती दातात धरायचा. दोन-चार दिवस मीही बघितलं. मग बघायचं सोडलं. म्हटलं, उडणाऱ्याला एकदा तरी दम लागावा, तहान लागावी. त्याला कायच लागत न्हाई, तर त्याचं बघायचं काय?

पण आमची माणसं! मिशा पिकलेली माणसं पाठीला टावेल बांधून फिरायला लागली. शेण काढताना टावेल, पाण्याच्या लायनीत टावेल. लेकरांनी केलं असतं तर मी समजलो असतो. एकानं रेडकाला त्या गड्याचं नाव ठेवलं. दोन सख्खे भाऊ होते, धाकटा म्हणाला विलनचं डोकं लई चालतं, एवढ्यावरून थोरल्यानं आपली दावण उचलून पलीकडच्या रांगेत नेली. बायांनी त्या गड्याच्या वाढदिवसाला टीव्हीपुढं नारळ फोडला. त्याचा वाढदिवस कधी असतो हे ह्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. स्वतःच्या लेकीची जन्मतारीख शाळेत विचारली तर ह्याच बाया 'ज्वारी काढणीच्या टायमाला' म्हणून सांगायच्या.

सगळ्यांत पुढं मुकादम. ऊसतोडीला टोळ्या नेणारा माणूस, सहा फूट, आवाज असा की फडात बाया दचकायच्या. बाळंतीण चार दिवसांत कामावर आली न्हाई म्हणून शिव्या देताना मी त्याला डोळ्यानं बघितलेला. हा माणूस त्या गड्याला विलननं हाणलं की उपरण्यानं डोळे पुसायचा. आन बसायचा कुठं, तर शेडाच्या दारात, माझ्या बायकोनं शिवलेल्या सावलीत.

तो एकदा मला म्हणाला, "आबा, त्यो आपल्या तलावात एक डाव उतरला ना, एका फुंकरीत पाणी आणंल."

मी म्हणालो, "त्यो पगार घेऊन उडतो बे. पाणी टँकरवाला आणतो. रडायचं तर त्याच्यापुढं रड."

"तुमाला भावनाच न्हाई, आबा."

"हाय की. पर म्हशीवर हाय."

सगळे हसले. मला तेव्हा हसवायला बरं वाटायचं.

माझी बायको रोज सातला जायची. बसायला एक पोतं घेऊन जायची आन मागं कडेला बसायची. ती उडणाऱ्यासाठी जात नव्हती. त्या मालिकेत एक म्हातारी होती. तो गडी मारामारी करून यायचा, डगला फाटलेला असायचा, मग ती म्हातारी दिव्याखाली बसून तो शिवायची. रोज दोन मिनिटांचं तिचं काम. काय बोलायची न्हाई, सुई दाताखाली धरायची आन दोरा तोडायची. बायको परत आली की तेवढंच सांगायची. "आज बाही उसवली होती. टाका लांब घातला तिनं, त्यो टिकायचा न्हाई." मी म्हणायचो, "टीव्हीत जाऊन सांग." ती म्हणायची, "सांगितलं असतं."

एक दिवस विलननं त्या गड्याची सगळी शक्ती बाटलीत भरून घेतली. त्याच दिवशी त्या म्हातारीलाही काचेच्या खोलीत कोंडलं. छावणीत सुतक पडल्यावानी झालं. मुकादम जेवला न्हाई. थोरल्या भावानं टीव्हीला चप्पल फेकून मारली, ती हाराला लागली. म्हातारीचं कुणी नावही काढलं न्हाई.

दोन दिवसांनी सोसायटीची सभा होती. सभा बोलावलेली ऊस कमी मिळतो म्हणून. त्याचं पाच मिनिटांत उरकलं. मग मुकादम उठला आन म्हणाला, टीव्हीवाल्यांना आपण ठराव करून पाठवू. मला वाटलं कुणीतरी हसंल. कुणी हसलं न्हाई. आमच्याकडं सोसायटीनं माणसं अशी करून ठेवलीत की ठराव केला म्हणजे काम झालं. रस्त्याचा ठराव, बंधाऱ्याचा ठराव, आन आता उडणाऱ्याचा ठराव. सेक्रेटरीनं सोसायटीचा छापील कागद काढला आन लिहिलं, 'सदर मालिकेतील नायकाची शक्ती त्यास विनाविलंब परत करण्यात यावी, असे ही सभा सर्वानुमते ठरवीत आहे.' सूचक मुकादम. अनुमोदक चप्पल फेकणारा. खाली सह्या आन अंगठे. परवा सकाळी दुधाचा टेंपो बीडला जातो, त्याच्याबरोबर हे पत्र जाईल, तिथून मुंबईला, असं ठरलं.

तेवढ्यात माझी बायको मागं उभी राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला सभेत उभी राहिलेली बघितली नव्हती.

ती म्हणाली, "त्यात त्या म्हातारीचं बी लिवा. तिला सोडवा म्हणून."

मुकादम म्हणाला, "कोणती म्हातारी, काकू?"

"डगला शिवणारी. शक्ती आली तरी फाटका डगला घालून उडंल व्हय त्यो?"

"त्याला डगला लागत न्हाई, काकू. शक्ती अंगात असती."

"मग कावून घालतो?"

सेक्रेटरीचं पेन कागदावर थांबलेलं. त्या वेळी मी गप बसलो असतो तर त्यानं लिहिलंही असतं. पण लोक माझ्याकडं बघायला लागले, हा म्हातारा काय बोलतो म्हणून.

मी म्हणालो, "खाली बस. म्हशीची हाडं वर आली आन तुला टीव्हीतल्या म्हातारीची पडलीय. लाज सोडली का? मुकादम तर येडा हायच, आता तू बी हो."

मला टाळ्या पडल्या. जल्मात सभेत मला एकदाच टाळ्या पडल्या, त्या ह्याला. मुकादमही हसला, स्वतःला येडा म्हणवून घेऊन. सेक्रेटरीनं पेनाला टोपण लावलं. ती खाली बसली. कागद फिरत तिच्याकडं आला तवा तिनं शाईत अंगठा बुडवला आन इतरांसारखा उमटवला.

त्याच सांजेला आम्ही तो ऊस तोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाला उठली न्हाई. मी दोनदा हाक मारली, मग पोत्याच्या सावलीची लोंबती कड बाजूला सारून बघितलं. अंग गार होतं. दुखणं काय होतं ते मला ठाऊक न्हाई. तिनं कधी सांगितलं न्हाई आन मी विचारलं न्हाई. जीपमध्ये घालून गावी नेली. लेक केजहून आली. दुपार टळल्यावर अग्नी दिला. छावणीतली वीस-पंचवीस माणसं आलती. चांगली आलती, लाकडं रचू लागली, खांदा दिला. पण दिवस कलला तशी एकेकजण घड्याळं बघायला लागली. मुकादम माझ्याजवळ आला आन हळूच म्हणाला, "आबा, आमी निघावं का? आज त्याची बाटली फुटणार हाय."

मी म्हणालो, "जा."

चिता अजून धडधडत होती. ह्या माणसांविषयी मला जे वाटतं ते मी तिथं ठरवलं आन आजवर बदललेलं न्हाई. आता त्यांच्याकडं मोबाइल आलेत. दुसरा कुणी उडतो, त्याच्यासाठी भांडतात, रडतात, त्याच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लावतात. माझ्या बायकोचा फ्लेक्स लागला न्हाई. मी लावूही दिला नसता. त्या पत्राला टीव्हीवाल्यांचं उत्तरही आलं न्हाई. येणार नव्हतंच, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.

पण त्या रातीला मला एकच दिसत होतं. सेक्रेटरीचं थांबलेलं पेन. आन सकाळी आठला टेंपो.

उजाडायच्या आत उठलो. लेक म्हणाली, "दादा, सुतकात कुटं निघालात? लोक काय म्हणतील?"

"म्हस उपाशी हाय."

खरं होतं ते. पण शेजाऱ्यानं तिला ऊस टाकलाच असता. पहिल्या जीपनं छावणीत गेलो आन म्हशीकडं न जाता सरळ शेडात गेलो. दुधाचे कॅन भरायचं काम चाललेलं. सेक्रेटरी टेबलाशी बसलेला, मुकादम बाकड्यावर चहा पीत होता. मला बघून दोघंही उठले.

"आबा, तुमी कशाला आलात?"

"त्यो ठरावाचा कागद काढ."

"पाकिटात घातलाय, आबा. डिंक लावला."

"फोड."

त्यानं मुकादमाकडं बघितलं. मुकादमानं मान हलवली. पाकीट फोडलं.

"म्हातारीची वळ लिही त्यात."

सेक्रेटरी म्हणाला, "असं येत न्हाई करता. सह्या झाल्यात. आन सूचक कोण दाखवू?"

मी बायकोचं नाव सांगितलं.

तो खाली बघून म्हणाला, "मयत माणसाला सूचक करता येत न्हाई, आबा."

"सभेत बोलली तवा जित्ती होती. खाली बघ. अंगठा हाय तिचा."

त्यानं बघितलं. मीही बघितला. चौथ्या रांगेत होता, जरा तिरपा, शाई जास्त झालेली. अंगठ्यावर दाभणाचा चिरा होता, तो उमटला होता.

मुकादम म्हणाला, "बाटली काल फुटली, आबा. शक्ती मिळाली त्याला. आता पत्राची तशी..."

"म्हातारी सुटली का?"

तो म्हणाला, "ध्यानात न्हाई. दाखवली नसंल."

"रोज सातला तोंड वासून बसतो आन ध्यानात न्हाई? वर बघ, शेडाच्या दारात. ती सावली कुणी शिवली ते तरी ध्यानात हाय का?"

त्यानं वर बघितलं न्हाई. चहाचा कप खाली ठेवला.

सेक्रेटरीनं कागद सरळ केला आन लिहायला लागला. लिहून झाल्यावर वाचलं, "तसेच पोशाख शिवणाऱ्या वृद्धेस मुक्त करण्यात यावे."

"वृद्धा न्हाई. म्हातारी लिही. आन सोडवा लिही. तिनं तसं म्हटलं होतं."

त्यानं खोडलं, वर लिहिलं. "अनुमोदक लागंल," तो म्हणाला.

"मी हाय."

"तुमीच तर परवा सभेत..."

"लिही."

टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. सेक्रेटरीनं पेन टेबलावर ठेवून माझ्याकडं सरकवलं. सुतक म्हणून हातात दिलं न्हाई. मी चौथीपर्यंत शिकलेला, मला सही करायला वेळ लागतो. एकेक अक्षर काढत होतो तवर परत दोनदा हॉर्न वाजला. मुकादम बाहेर जाऊन टेंपोवाल्यावर ओरडला, "थांब की बे, आबांची सही चाललीय."

सही झाली. नवं पाकीट आणलं, डिंक लावला, मी स्वतः नेऊन टेंपोवाल्याच्या खिशात घातलं आन टेंपो वळणावरनं जाईपर्यंत तिथं उभा राहिलो.

मग दावणीवर गेलो. म्हस मान वर करून माझ्यामागं बघत होती. ठोकळ्याशी बसून चार कांडकी तोडली. उठलो, गोळा केली, तिच्यापुढं टाकली. परत येऊन बसलो आन पुढची चार तोडली.